दसऱ्याच्या दिवशी वेल्डिंग केलेला हूक

आण्णा, आज एका कॅम्पर व्हॅनला ट्रेलर ओढायचा हूक बसवला. तुम्ही बसवला होतात तसा नाही. चासीच्या सांगाड्याच्या उभ्या बाजूंना आतून जाड प्लेट लावून, ड्रिलने भोकं पाडून, जास्त ताण सोसणाऱ्या हायटेन्साईल बोल्टनी आवळला. वेल्डिंगची एक ठिणगी चासीला लागू दिली नाही. काम संपलं तरी शेडमध्येच बसून लिहितोय, कारण हा राग घरी न्यायचा नाही.

गाडी देवळ्याच्या त्या पाळणेवाल्याची. नव्वदच्या दशकात त्याच्याकडे जुनी व्हॅन होती, आठवतं? आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. जत्रांच्या हंगामात बायकापोरांसकट तो तिच्यातच राहायचा आणि आकाशपाळण्याचं सगळं लोखंड मागच्या ट्रेलरवर. तो नेमका दसऱ्याला अंबडला आपल्या शेडवर आला. तुम्ही ड्रिल, पान्हे, हातोड्या पाटावर मांडून पूजा केलेली, ड्रिलला झेंडूची माळ. "आण्णा, उद्या पाळणा उभा पायजे, आजच करून द्या," तो म्हणतो. मी म्हणतो, उद्या उजाडताच भोकं पाडून बोल्ट लावून देतो. तुम्ही ऐकतच नाही. पूजलेलं हत्यार आज उचलायचं नाही, पण गिऱ्हाईकही सोडायचं नाही. म्हणून शेजारच्या शेडमधल्या चाचांचं वेल्डिंग मशीन ओढत आणता. "चाचांच्या मशीनला कुठे आलाय दसरा?" तुम्ही म्हणता आणि चाचांसकट सगळे हसतात.

"आण्णा, चासीला वेल्डिंग नको. जोड धरतो, पण जोडालगतचं लोखंड तापून कमजोर होतं. वजनाला तिथेच फाटतं," मी म्हणालो. रद्दीतून आणलेली मॅन्युअलं शब्दकोश घेऊन वाचून मी हे शिकलो होतो, कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही पाळणेवाल्याला म्हणालात, "आमचा पुस्तकातला फिटर. वाचून वाचून हात मऊ झालेत त्याचे." तो टपरीवर चहाला गेला, बाकीचे आपापल्या शेडमध्ये पांगले, मग तुम्ही वेल्डिंगची काच तोंडासमोर धरून स्वतः जोड मारलात.

चांदवडच्या उतारावर हूक फाटला. जोडालगतच. ट्रेलर रस्ता सोडून कांद्याच्या वावरात घुसला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. तो तावातावाने परत आला. "पोरं झोपली होती आत! कोणी केलं हे काम?" शेजारपाजारच्या शेडमधले लोक बाहेर आले होते. तुम्ही मान वर न करता माझ्याकडे बोट केलंत. "याने."

चारचौघांत बापाला खोटं पाडायचं नसतं, हेही तुमचंच शिकवणं. पण त्यानंतर अंबडमध्ये माझं काय झालं, ते तुम्ही रोज पाहत होतात. "आण्णा नाहीत? मग उद्या येतो," म्हणून गिऱ्हाईकं परत जायची. चहाच्या टपरीवर मी दिसलो की कुणीतरी म्हणायचं, "सरका रे, हूकवाला आला." शेवटी मी तुमची शेड सोडली आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचे पत्रे ठोकले.

आज पाळणेवाला कंपनीची तयार कॅम्पर व्हॅन घेऊन थेट माझ्याच दारात. मी विचारलं, "माझ्याकडे? भीती नाही वाटत?"

तो गोंधळला. "तुमचं कुठं काम होतं ते? आण्णा तेव्हाच, आठवड्याच्या आत आले होते की देवळ्याला. म्हणले, वेल्डिंग माझं, चूक माझी. नवा हूक बसवून दिला, बोल्टचा."

"मला कोणी सांगितलं नाही."

"त्यांनीच नको म्हणलं. म्हणले, पोरगं डोक्यावर बसंल."

बोल्टचा, आण्णा! म्हणजे माझं पटलं होतं तुम्हाला. देवळ्यापर्यंत जाऊन परक्या माणसासमोर मान खाली घालायला जमलं, आणि रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतात, तेव्हा तोंडातून एक शब्द निघाला नाही? डोक्यावर बसेन म्हणून तुम्ही माझं नाव सगळ्या अंबडमध्ये मातीत लोळू दिलंत, आणि तसेच निघून गेलात.

तुम्ही हयात असतात तरी हा कागद तुमच्या हाती दिला नसता. कारण पुढचं वाचून तुम्ही नक्की हसला असतात. शेड सोडली त्या दिवशी माझी पेटी भरून झाली होती, निरोप घेऊन झाला होता, तरी मी दाराशी उगाच स्कूटरला किक मारत राहिलो. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली असती. मीच चावी फिरवली नव्हती. तुम्ही हाक माराल, असं वाटत होतं.