न पुसलेला फोटो

लाडक्या छोटीस, ताईचा गालगुच्चा.

मी बरी आहे. फोटो स्टुडिओत कामावर जाते. सकाळी बोटं जरा आखडतात, एवढंच. आईला इथपर्यंतच वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं.

सांधेदुखी, चेहऱ्यावरचे चट्टे, पायांची सूज, तिन्हींसाठी मी तीन डॉक्टर केले. चौथ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखणं एकच, ल्युपस. अंगाची राखण करणारी शक्तीच अंगावर उलटते, कुंपणानेच शेत खावं तशी. माझ्या मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. मुळापासून जात नाही, पण वेळेत धरलं तर गोळ्यांनी आटोक्यात राहतं.

आता ऐक. नोकरीच्या अर्जासाठी तू मला फोटो नीट करायला पाठवला होतास. नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरली होती. लोकांच्या फोटोंतले डाग पुसण्यातच माझा दिवस जातो. सवयीने हात फिरला आणि मी तीही पुसली. वर तुलाच म्हणाले, उन्हात किती हिंडतेस, माकडा!

काल तुझा मूळ फोटो उघडला. तशीच लाली मी रोज आरशात बघते.

तसं नसेलही. पण तुझीही बोटं दुखतात का? खरं सांग. सोबत न पुसलेला फोटो पाठवतेय. तो घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा, रक्त-लघवी तपासून घे.

आणि जाताना तोंडाला पावडर लावू नकोस.

तुझीच,
ताई