पदरात घ्या म्हटलं आणि घोटाळा झाला

तीर्थस्वरूप दादास,

आयर्लंडातल्या ओंगारहून उल्काचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे अर्ध्यापर्यंतच वाकले आहे, उरलेला समजून घे). तुझी शुगर काय म्हणते? वहिनीचा खांदा? कुंडीतला कढीपत्ता जगला का? आम्ही दोघं लेकीकडे मजेत. तुझे मेहुणे गुरुनाथराव रोज सकाळी फिरायला जातात आणि रोज भिजून येतात. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन आधी वहिनी वाचते आणि मग अर्धी सांगली, म्हणून रेवतीच्या ऑफिसातला आशिष मिरजेला निघालाय त्याच्या हाती पत्र देते आहे. दादा, खाली बस आणि मग वाच. आपल्या रेवतीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि मोडणारी दुसरीतिसरी कुणी नाही, मीच!

मारेक तुला फोटोतून माहीत आहे. रेवतीच्याच, कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनियर, मूळचा स्लोव्हाकियाचा. त्याचे आईवडील, विएराबाई आणि योझेफसाहेब, आम्हाला भेटून लग्नाचं पक्कं करायला येणार असं ठरलं आणि माझी झोपच उडाली. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे दुकानात भाजी मिळेल एवढं. म्हटलं, आपणच त्यांची भाषा शिकावी. मारेक रोज संध्याकाळी एखादा इंग्रजी वाक्प्रचार घ्यायचा आणि त्यांच्याकडे काय म्हणतात ते सांगायचा. काय भाषा आहे रे! धो धो पाऊस आला की इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात, त्यांच्याकडे झारीतून ओततात. काम फत्ते व्हावं म्हणून इंग्रज बोटावर बोट चढवतो, हे लोक मुठीत अंगठा धरतात. आपण राईचा पर्वत करतो ना, ते डासाचं गाढव करतात! (ते ऐकल्यापासून ह्यांच्याशी भांडताना मी गाढवच वापरते.) क्वचित घडणारी गोष्ट म्हणे हंगेरियन वर्षातून एकदा घडते. हंगेरीवाल्यांचं वर्ष एवढं लांब का, ते मारेकलाही सांगता येईना. पण सगळ्यात सोपं काय असेल तर 'सगळ्यात'! इंग्रजीत बेस्ट, बिगेस्ट, मोस्ट ब्यूटिफुल, प्रत्येकाचा नखरा वेगळा. त्यांच्याकडे शब्दाआधी 'नाय' लावलं की झालं. नायलेप्शी म्हणजे सर्वोत्तम, नायक्रायशी म्हणजे सर्वांत सुंदर. (मालवणच्या आत्याला वाटेल, सगळ्यालाच नकार चाललाय.) मी घरभर नाय नाय करत सुटले होते.

आता इथली आयरिश माणसं कशी तेही सांगायला हवं, कारण माझ्या घोळाचं अर्धं मूळ तिथे आहे. शेजारच्या नोराला मी पुरणपोळी दिली. बाईने उभ्या उभ्या दोन खाल्ल्या, तिसरी नवऱ्यासाठी बांधून घेतली आणि म्हणाली काय, तर नॉट द वर्स्ट. म्हणजे सगळ्यात वाईट नाही! मला इतकं लागलं म्हणून सांगू! तर रेवती हसत सुटली. म्हणाली, आई, ह्याच्यावरची पदवी ह्या देशात नाही. मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, ही तर आपलीच माणसं, आपल्याकडे तरी घरच्या वस्तूला चांगलं कोण म्हणतं? सगळं जग असंच बोलत असणार असं मी मनाशी धरून चालले.

आली मंडळी. विहीणबाईंनी मेंढीच्या दुधाचं चीज आणलं होतं, ते चाखून मी नायलेप्शी म्हटलं. योझेफसाहेबांनी टाळीच दिली. इथवर सगळं छान. मग पानं मांडली. टेबलावर वाटी ठेवायला जागा उरली नव्हती, तरी मी आपल्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, काही विशेष नाही, साधंच आहे, गोड मानून घ्या. मारेक आणि रेवती आइस्क्रीम आणायला गेलेले. तेवढ्यात विहीणबाईंनी भाषांतर करणारा फोन माझ्यापुढे धरला. म्हटलं, वा! आता कशाला अडखळायचं, मोकळेपणी मराठीतच बोलू. आणि दादा, मी सुटलेच. आमच्या मुलीला काहीसुद्धा येत नाही, स्वयंपाकाच्या नावाने बोंब, रागीट आहे, हट्टी आहे, चुकलंमाकलं सांभाळून पदरात घ्या. डोळ्यांत थोडं पाणीही आणलं, रीत म्हणून. त्या मेल्या फोनने एक शब्द गाळला असेल तर शपथ! योझेफसाहेबांनी चमचा खाली ठेवला. विहीणबाईंनी अर्धा पापड तसाच सोडला. मला वाटलं, पोट भरलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारेक आला तो चेहरा पाडून. त्याचे वडील म्हणाले होते, सख्खी आई मुलीबद्दल असं बोलते, तेव्हा एक तर ते खरं असणार, नाहीतर तिला हे लग्नच नको असणार. काहीही असलं तरी आपण थांबलेलं बरं. तिकिटं बदलून दोघं संध्याकाळी परत निघणार होते. मारेकने लाख समजावलं, पण आईच्या तोंडचं ऐकलेलं ते काही विसरेनात. रेवती भांडली असती तर परवडलं असतं रे. नुसती खिडकीशी उभी राहिली पाठ करून, आणि ती पाठ मला बघवेना.

मी तशीच उठले. अंगात रेनकोट, घाईत पायात ह्यांचेच बूट. जवळच क्लोन्सिलाला त्यांनी खोली घेतली होती, तिथवर हे आणि मी चालत गेलो, कारण रेवतीला गाडी काढ म्हणायची माझी छाती होईना. वर झारी चालूच होती. विहीणबाईंनी दार उघडलं, मागे बॅगा भरून तयार. आत या म्हणायचीही वाट न बघता मी सुरू केलं. मोया त्सेरा नायलेप्शिया! माझी लेक सर्वोत्तम! मोया त्सेरा नायमूद्रेयशिया, सर्वांत हुशार! नायक्रायशिया! होते नव्हते तेवढे सगळे नाय संपवले. सांगायचं तर अजून ढीगभर होतं, म्हणून पुढे मराठीतच बोलत राहिले. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी पोर कशी मिळेल त्या विमानाने धावत आली, पन्नाशीनंतर मला पोहायला शिकवलं ते तिनेच, रागावते ती फक्त खोटेपणावर, अशी मुलगी माझ्या पोटी आली हे माझं भाग्य. फोन पुढे धरायचं कुणाला सुचलंच नाही (तरी विहीणबाई डोळे पुसत होत्या). मागे वळून बघते तर रेवती आणि मारेक आम्हाला शोधत आलेले, दोघं भिजत उभे. आई, तू हे माझ्याबद्दल बोलतेयस? एवढंच म्हणाली आणि गळ्यातच पडली. दादा, मी इतकी रडले आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मग गुरुनाथराव, जे एरवी हंगेरियन वर्षातून एकदा बोलतात, त्यांनी मारेकला हाताशी धरून योझेफसाहेबांना समजावलं की आमच्याकडे आपल्या माणसाला नावं ठेवणं ही नम्रता, त्याचा अर्थ उलटा घ्यायचा. योझेफसाहेब हसून हसून बॅगेवरच बसले. आणि विहीणबाईंचा मोठेपणा बघ, आपली रीत पाळायची म्हणून लगेच मारेकचं सुरू केलं. नायलेनिवेयशी, म्हणजे सर्वांत आळशी. घोरतो. मोजे घरभर टाकतो. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लग्न पक्कं झालं, डिसेंबरात, तुमच्या सांगलीत! घरी आल्यावर मात्र माझ्या मनात आलं, त्या हे नम्रतेने म्हणाल्या की खरंच? तेव्हापासून माझं लक्ष मारेकच्या मोज्यांवर आहे.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे, आणि तू गोळ्या वेळेवर घे.

तुझी धाकटी,
उल्का

ता.क. वहिनीला आत्ताच बजावून ठेव, लग्नात व्याह्यांसमोर 'आमचं आपलं साधंच' हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही.

ता.क. खरं तर पत्र ह्यासाठी लिहिलं. तुमच्या घरात मोठं कोण, असं योझेफसाहेबांनी विचारलं, तर मी म्हटलं, माझा दादा. पुढच्या रविवारी ते इथूनच, आमच्या घरून, तुला व्हिडिओ कॉल करणार आहेत, मारेक मध्ये बसून भाषांतर करेल. मुलीच्या आईबद्दल विचारतीलच. तू म्हणशील, आमची उल्का वेंधळी, तोंडाळ, सांभाळून घ्या. दादा, त्या दिवशी तसं नको म्हणूस. एकदाच चांगलं म्हण. लग्नासाठी नव्हे, लग्न आता काही मोडत नाही. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी सोफ्याच्या टोकाला बसलेली असेन. मला ऐकायचं आहे.