खडूची चौकट

सर, काल ते लाल चित्र बघितलं. खरं, अख्खं. आता राहते त्या मिल्टन कीन्सहून लेकीला घेऊन लंडनला गेले होते; वेबसाइटच्या कामातून कधी नव्हे तो एक वीकेंड मोकळा मिळाला. तिथल्या कलासंग्रहालयाच्या दालनात वळले आणि अहो, पायच थांबले.

तुमच्या पुस्तकात ते काडेपेटीएवढं होतं, तेही काळंपांढरं. कोल्हापूरचं आपलं कलाविद्यालय, अमेरिकन कलेचा तास, डोळ्यांवर दुपारची झोप. तुम्ही सांगताय, त्या देशात मंदी आली, चित्रकारांची उपासमार व्हायला लागली, तेव्हा सरकारनं त्यांना पोस्टाच्या भिंती रंगवायला दिल्या. भिंतीवर हात मोकळा सुटला, तो पुढं कॅनव्हासवरही आवरेना. मग चित्राखालची मापं वाचून तुम्ही टेप काढता, स्टुलावर चढता आणि मागच्या भिंतीवर खडूनं तेवढीच्या तेवढी चौकट आखता, धापा टाकत. "आता हातभर अंतरावर उभं राहा. आत सगळं लाल आहे असं समजा." रिकाम्या भिंतीकडे बघून आम्ही फिदीफिदी हसतोय. आणि मी, आगाऊ कार्टी, विचारते, "सर, तुम्ही तरी कुठं बघितलंय?"

सगळा वर्ग खो खो हसला. तुम्ही हात झटकलेत. "नाही गं बाई. म्हणून तर मोजतोय." रागावला असतात तर बरं झालं असतं. माफी मागायला दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत आले आणि परत फिरले. वर्षभरात तुम्ही गेलात.

काल हातभर अंतरावर उभी राहिले. सर, नजर पुरेना! लालाखाली तपकिरी होता, त्याखाली जांभळा, आणि सगळं मिळून अंगावर येत होतं. त्या काडेपेटीवरून हे तुम्हाला कळलं तरी कसं? दालनात पहाऱ्यावर असलेल्या बाई म्हणाल्या, "जरा मागे सरका, प्लीज." सरकले, आणि त्यांची पाठ वळताच पुन्हा पुढं गेले.

लेक कंटाळली होती. "आई, हा तर ओन्ली रेड आहे. तू हा आधी बघितला होता?"

"हो," म्हटलं. "कोल्हापूरला. आमच्या सरांनी दाखवलं होतं."

हे पत्र कुठं टाकणार! ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगते. त्या दिवशी भिंत पुसायची पाळी माझी होती. सगळे गेल्यावर मी चौकटीसमोर हातभर अंतरावर उभी राहिले होते, बराच वेळ. मग न पुसताच घरी गेले.