जाड पडदे

चिमे, नसांच्या त्या मोठ्या डॉक्टरने तुझ्या आईची हाडं डोळ्यांदेखत ठिसूळ होऊ दिली आणि आपल्याला एका शब्दाने सांगितलं नाही.

सकाळी तिला पलंगावरून खुर्चीत घेत होतो. रोज घेतो तसंच. धक्का नाही, झटका नाही, आणि माझ्या हातातच कट्कन आवाज झाला. खुब्याचं हाड मोडलं. "अहो, काय तुटलं?" असं तीच मला विचारत होती. तिला दवाखान्यात ठेवलंय. मी कपडे न्यायला आलो होतो, परत निघालोय.

तिथल्या हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एमएससारख्या नसांच्या आजारात चालणं सुटलं की हाडांतली ताकद जाते, त्यात इतकी वर्षं स्टिरॉइडं. "हाडांना ऊन लागतं, ऊन घ्यायच्या का?" असंही विचारलं. काय सांगू मी? उकाड्याने तिचे पाय गळतात, उन्हापासून जपा, असं मोठा डॉक्टर म्हणाला, म्हणून तर तू दुहेरी अस्तराचे पडदे शिवलेस. आई किती मिरवायची, "माझ्या लेकीने सूर्याला घराबाहेर काढलं!"

पडद्यांवर राग काढू नकोस. तुझ्या शिवणाचा काडीचा दोष नाही. दोन घास खाऊन ये. तिच्यासमोर रडू नकोस, नाहीतर तीच आपली समजूत घालत बसेल.

तिला कपडे दिले की मी त्या मोठ्या डॉक्टरच्या दारात जाऊन बसणार आहे. ऊन टाळा म्हणायला तोंड होतं, मग हाडं तपासून घ्या म्हणायला काय झालं होतं? त्याने हे मला तोंडावर सांगावं.