एल्क, चार बंदुका आणि डेल्मर यांची भुवई

प्रति,
मा. वन्यजीव संरक्षण अधिकारी,
स्टिलहॉर्न परगणा, मोंटाना.

विषय: गाडीखाली आलेल्या एल्कचे मांस परत मिळणेबाबत, तसेच २७० बोअर की ३०० बोअर हा वाद गुन्हा न समजणेबाबत.
संदर्भ: रक्षक लाइल फ्रिस्क यांनी १ डिसेंबर रोजी केलेली जप्ती.

महोदय,

एल्क मिळाला असता तर माझे पती ऑरिन यांच्या पदरात काय पडणार होते ते आधी नमूद करते: मार्चपर्यंतचे मांस, भिंतीवर शिंगे, आणि थोरले बंधू डेल्मर यांना वर्षभर टोमणे मारण्याचा हक्क. यांपैकी मांसाची फिकीर फक्त मला होती.

२. शिकारीच्या हंगामाच्या शेवटच्या सकाळी एक नर एल्क समोर उभा होता. ऑरिन यांच्याकडे २७० बोअर: गोळी हलकी, वेग जास्त. डेल्मर यांच्याकडे ३०० मॅग्नम: गोळी जड, धक्का त्याहून जड. कोणती योग्य, यावर दोघांची चर्चा झाली. एल्कने ती बराच वेळ ऐकून घेतली व तो निघून गेला.

३. दिवस मावळताना आम्ही रिकाम्या हाताने परतत होतो. गाडी डेल्मर चालवत होते, मी दोघांच्या मध्ये. डेल्मर म्हणाले, "घोड्याएवढं हरीण ते! तुझ्या २७०नं त्याला गुदगुल्या होतील, बाळा." ऑरिन म्हणाले, "तुझी मॅग्नम पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त लागते. भुवई बघ आरशात!" (बंदुकीच्या धक्क्याने दुर्बीण आदळून तिथे चंद्रकोर उमटली आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे.) डेल्मर यांनी आरशात पाहिले. एल्क नेमका तेव्हाच रस्त्यावर आला. सबब, तो मुद्दाम मारला हा फ्रिस्क यांचा शेरा निराधार आहे. समोर कोणी पाहतच नव्हते.

४. असे जनावर परवाना घेऊन घरी नेता येते, आणि गस्तीवर असताना तिथे पोचलेले फ्रिस्क परवाना लिहायलाही लागले होते. तेवढ्यात डेल्मर ओरडले, "बघितलंस? गाडीचे दोन टन बसले तेव्हा पडला! वजन लागतं, वजन!" ऑरिन म्हणाले, "डोंबलाचं वजन! पंच्याहत्तर मैलांचा वेग होता म्हणून पडला!" (हा आकडा आपण वाचला नाही असे समजावे.) फ्रिस्क यांनी पेन थांबवून सांगितले, "कशाला भांडता? एल्कला सात एमएमच हवी. माझी तीच आहे." यावर दोघे भाऊ आयुष्यात प्रथमच एकमताने हसले. ऑरिन यांना तर बर्फात बसावे लागले. शेरा त्यानंतर पडला.

५. तरी मी, थर्टी-ऑट-सिक्स बंदूक वापरणाऱ्या बापाची लेक, लिहून देते की एल्कसाठी सात एमएम हीच सर्वोत्तम. दोघा भावांच्या सह्याही घेतल्या आहेत. ऑरिन यांनी सही करताना तोंडात रुमाल कोंबला होता. कृपया मांस खात्याच्या शीतगृहातून सोडावे.

६. एकूण भरणा असा: एल्कने जीव दिला, डेल्मर यांनी रेडिएटर, मी वडिलांच्या बंदुकीचा मान. फ्रिस्क यांनी अद्याप काहीच दिलेले नाही. त्यांनी निदान परवाना तरी द्यावा.

रिकाम्या फ्रीझरपाशी आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
व्हर्ला टोलेफसन
३ डिसेंबर