आठवा फर्मा

प्रिय ताई,

‘सातवी नापास, मोठा आला शास्त्र शिकवणारा!’ एवढं एकच वाक्य लिहून माझं पत्र परत पाठवलंस. सातवी नापास म्हणालीस, तेही खरं. पण मी मनचं काही लिहिलं नव्हतं गं, छापलेलं होतं तेच लिहिलं होतं.

इथे बाइंडिंगखात्यात अख्खं पुस्तक आमच्या हाती येतच नाही. सोळा पानांचा एकेक फर्मा छापून येतो, आम्ही घड्या घालतो. सध्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या जुन्या पत्रांचं जाडजूड पुस्तक चाललंय. खराब निघालेले फर्मे मी खोलीवर नेतो, आपलं पवित्र शास्त्र उघडून ताडून बघतो. मुकादम म्हणतो, पाद्रीबुवा, आधी घडी घाला, प्रवचन मग झोडा.

सातव्या फर्म्यात छळाच्या काळातली माणसं होती. राजाच्या देवांना धूप घातला अशी चिठ्ठी मिळवून जीव वाचवलेली. त्यांना प्रभुभोजनाच्या भाकरीपासून लांब ठेवा, असं तिथल्या पाळकाने खडसावलेलं. मला तूच दिसलीस. लग्नाआधी सासरी ‘मी ख्रिस्ती नाही’ असं लिहून दिलंस आणि बाबांनी, पाळक म्हणून, मंडळीच्या वहीतून तुझं नाव खोडलं. नाव खोडल्याचा कागद उपासनेत मीच वाचला होता, तेरा वर्षांचा, छाती फुगवून. या वेळीही त्याच तोऱ्यात तुला चार पानं खरडली.

मग छापखान्यात कागद संपला. दीड महिना आठवा फर्मा आलाच नाही. परवा आला. त्यात तीच माणसं महिनोन्महिने उपासनेच्या दाराशी उभी राहून रडतात, आणि तोच पाळक सगळ्यांना विचारून त्यांना आत घेतो. काहीजण वाट बघताबघता मेले, तेही लिहिलंय. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

आता खरं सांगतो. खोली मिळेना, म्हणून गेल्या वर्षी घरमालकाला मी त्याच्याच धर्माचा आहे अशी सही करून दिली. तुला ते पत्र लिहीत होतो तेव्हा माझी चिठ्ठी खाली त्याच्या कपाटात होती. बाबांना कळवलंय, माझंही नाव खोडा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गावी येऊन चर्चच्या दाराशी उभा राहणार आहे. एकट्याने उभं राहायचा धीर होत नाही. तू ये. भाऊजींपुढे हात पसरू नकोस. बाबांनी दार लावून घेतलं तरी परतायची काळजी नको, जाण्यायेण्याचं गाडीभाडं धरून अठराशे पाठवतोय.

तुझाच,
दाराबाहेरचा धाकटा