खिडकीजवळ कोणी नाही

मावशी, तुला वाकून नमस्कार (खरंच वाकलेय, मोबाइल मांडीवर आहे). ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आधीच माफ कर. एका बोटाने टाइप करते, त्यामुळे हे पत्र सकाळपासून चाललंय आणि अजून नमस्कारातच आहे. फोन का नाही केलास म्हणशील, पण तुला माहितीये, फोनवर मी "हं" सोडून काही बोलत नाही, आणि हे सगळं "हं"मध्ये मावायचं नाही. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का, की शेजारचे अजून भिंत ठोकतात? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत, काळजी करू नको.

तू मोठ्या बाईंकडे शब्द टाकलास म्हणून मला काम मिळालं, ते मी विसरलेली नाही. शाळेत उभं राहून वाचायला सांगितलं की माझी दातखीळ बसायची, म्हणून नववीत सुटले. तेव्हा तू म्हणाली होतीस, इथे तोंड लागत नाही, हात लागतात. ते खरं निघालं. तान्ह्या बाळांची झबली शिवून आमच्या टेबलावर येतात, आम्ही छोट्या कात्रीने लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, वीस-वीसचा खोका भरायचा. टेबलाच्या टोकाला मोठ्या बाई. त्यांच्याजवळ एक जण आहे तिला सगळे रेडिओ म्हणतात (का ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं). आणखी तिघी आहेत, त्या रेडिओ ऐकतात. मी धरून सहा. साहेब रोज सकाळी मोजतात, सहा. चहा येतो तोही सहा कप.

मी मोजलं की सात भरायच्या.

सातवी खिडकीजवळ बसायची. पांढरे केस, चष्मा, कात्री भराभर चालायची. तिच्याशी कोणी बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही. पहिल्या दिवशी मी हळूच विचारलं, त्या कोण? रेडिओने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "कुठे कोण?" ती बाई तिथे बसलेली असताना तिच्या डोक्यावरचा दिवा कोणीतरी येऊन बंद करायचं. तिच्या खुर्चीच्या पाठीवर ओल्या छत्र्या टांगायचे. एकदा साहेब कोणालातरी सांगत होते की खिडकीची जागा रिकामीच आहे, तिथे कपाट ठेवू, आणि ते सांगताना त्यांचा हात तिच्या खांद्यापासून एवढ्याशा अंतरावर हलत होता. तिने मान थोडी बाजूला घेतली फक्त.

माझी काय हालत झाली असेल तू समज. मी ठरवूनच टाकलं की बाई मेलेली आहे. पाय बघितले, सरळ होते. सावली होती. जेवणाच्या सुट्टीत तिने केळं खाल्लं (भुतं केळं खातात का ते मला माहीत नव्हतं, आणि कोणाला विचारणार?). केळ्याचं साल तिने डब्यात टाकलं, तर रेडिओ डब्यात बघून म्हणाली की हे साल आलं कुठून. मावशी, दुपारचे बारा वाजले होते आणि माझ्या अंगावर काटा आला.

दहा-बारा दिवसांनी मुतारीत हात धुताना रेडिओनेच सांगितलं, नळ मोठा सोडून. आमच्याकडे नियम आहे. शिवताना सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, रजिस्टरमध्ये चिकटपट्टीने चिकटवायचे, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी सही करायची की तुकडे पूर्ण आहेत. कारण टोक राहिलं झबल्यात तर ते कुठे जाणार, बाळाच्या अंगात. तर दोन वर्षांपूर्वी टोक सापडलं नव्हतं, सगळ्यांनी सह्या केल्या, हिने नाही केली. त्या दिवशी माल घ्यायला आलेला माणूस समोरच उभा होता. त्याने माल थांबवला. सगळ्यांचे तीन रविवार गेले परत तपासण्यात. त्यात मोठ्या बाईंच्या भाचीचं लग्न होतं. "तेव्हापासून ती नाहीये," रेडिओ म्हणाली. मी विचारलं, मग टोक सापडलं का? रेडिओने नळ बंद केला. "सापडलं ना. तिसऱ्या रविवारी, एका बाहीत. तिथेच तर सगळं बिघडलं."

म्हणजे ती जिवंत निघाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण भूत होती तेव्हा मी जास्त शांत झोपत होते. कारण मीसुद्धा तिच्याशी बोलत नव्हतेच ना. मी कोणाशीच बोलत नाही, त्यामुळे मी पण त्यांच्यातच सामील आहे हे मला कळलंच नव्हतं. मी लाजतेय आणि मी तिला वाळीत टाकतेय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं.

गुरुवारी दुपारी परत सुई तुटली. दोन तुकडे मिळाले, टोक नाही. दोनशे चाळीस झबली तयार होती. साहेबांनी खण उघडला, एक टोक काढलं, चिकटवलं. सह्या सुरू झाल्या. कोणी ओरडलं नाही, उलट फार मायेने चाललं होतं. मोठ्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कर बाळा सही. नाव येतं ना लिहिता?" सगळ्या हसल्या, मी पण हसले. पेन हातात घेतलं. पण मावशी, तुटलेली सुई अकरा नंबरची होती आणि ते टोक चौदाचं होतं, चांगलं जाड. मला ते दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे जाड आहे." एवढंच. शाळेतसुद्धा मी कधी एवढं मोठ्याने बोलले नव्हते.

साहेबांनी माझ्या नावापुढे एक रेघ मारली. वरचा दिवा गेला. मी वर बघितलं तर मोठ्या बाई बटणापासून परत येत होत्या, आणि येता येता म्हणाल्या, "आपण पाच जणी आहोत, आटपू लवकर."

शुक्रवारी अंगठ्याच्या हजेरीयंत्राने तीनदा मला ओळखलं नाही (स्टार्च लागलेला असेल). मी रेडिओच्या पायावर चुकून पाय दिला, ती "आई गं" म्हणाली आणि फरशीकडे रागाने बघितलं. माझ्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवून निघून गेलं, मी बसलेली असताना. मी जाऊन आरशात बघून आले. होते. पण थोडी फिकट वाटले. मग मी माझी खुर्ची उचलली आणि खिडकीजवळ नेली. तिथल्या बाईंनी वर न बघता म्हटलं, "सरक थोडी. उजेड अडवतेस." इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!

मग त्यांनी एक खोका ओढला, पट्टी सोडली आणि झबली एकेक करून चाचपायला लागल्या. गळा, बाह्या, खालची दुमड, चिमटीत धरून इंच इंच. त्यांच्यासारखं मीही सुरू केलं. आणि आम्हाला कोणीही थांबवलं नाही, कारण थांबवायचं तर आधी आम्ही दिसायला हव्यात! साहेब येऊन उभे राहिले, लालबुंद झाले, आणि शेवटी भिंतीला म्हणाले, "कोणी खोके उघडले असतील तर ते बंद करावेत." भिंतीने ऐकलं असेल, आम्ही नाही. एकूण बारा खोके होते. बाई खूप शहाण्या आहेत, त्यांच्याकडून खूप शिकायला मिळतंय. कामावर सगळं ठीक आहे, काळजी करू नको.

तुझी,
धाकटी

ता. क. काळजी करू नको असं वर दोनदा लिहिलंय ते पत्रात लिहितात म्हणून लिहिलं.

ता. क. २. शनिवारी दुपारी टेम्पो आला तेव्हा आमचे नऊच खोके झाले होते. टोक सापडलं नव्हतं. उरलेल्या तीन खोक्यांवर मी दोन्ही हात ठेवून उभी राहिले. टेम्पोवाला बाहेरचा, त्याला काही माहीत नाही. तो म्हणाला, "ए ताई, हात काढ की, गाडी सुटायचीय." मावशी, दोन दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे बघून बोललं. मला इतका आनंद झाला की मी हात काढले. मी त्याला "हो दादा" पण म्हणाले. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. बाईंनी फक्त विचारलं, खोक्यांवरचा पत्ता वाचलास का? मी वाचला होता. मी त्यांना तो मोठ्याने सांगितला, न अडखळता. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जे बाळांच्या कपड्यांचं दुकान आहे ना, तेच.

ता. क. ३. म्हणून उद्या सोमवारी दुकान उघडायच्या वेळी तू तिथे जा. फिकट पिवळी झबली, निळी किनार, साठ नग. दुकानदाराला सांग आणि तिथेच उभी राहून एकेक चाचप, गळ्यापासून. उन्हात धरलं तर टोक चमकतं. मी तुला गुरुवारी आणि शुक्रवारी दोन निरोप पाठवले, दोन्ही तू वाचल्याचं दिसतंय, उत्तर नाही. मोठ्या बाई तुझी मैत्रीण आहेत ते मला माहितीये. शुक्रवारी संध्याकाळी त्या आपल्या घरी येऊन गेल्या, आणि तेव्हापासून आई माझ्याशी बोलताना माझ्या जरा डावीकडे बघते. तर तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मला चालेल, म्हणजे चालवून घेईन. हे पत्र कोणी लिहिलंच नाही असं समज. पण झबली चाचप.

ता. क. ४. बाबांची अक्कलदाढ काढली. कागदात गुंडाळून घरी आणलीये आणि आल्यागेल्याला दाखवतायत.